पांढऱ्या कपाळाचा हंस आणि तुमचं 'नाही'

नाना, तुम्ही गेल्यापासून घरातले सगळेच माझ्याशी सहमत व्हायला लागले आहेत. मी म्हटलं बाल्कनीतल्या कुंड्या आत घेऊ, तर आई म्हणतात, "घ्या." मी म्हटलं नकोत घ्यायला, तरी आई म्हणतात, "बरं, राहू द्या." मीनल, तुमची ती भांडखोर लेक, माझ्या प्रत्येक वाक्याला "हां, ठीक आहे" म्हणते आणि दुसऱ्या खोलीत जाते. परवा तुमच्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ भेटायला आले होते. मी त्यांना मुद्दाम सांगितलं की नाना हंस बघायला फक्त फेब्रुवारीत जायचे. तुम्ही नोव्हेंबर लागला की दुर्बीण पुसायला काढायचात, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत असणार. त्यांनी मान डोलावली आणि चहा संपवला. दुःखाच्या घरात माणसं वाद घालत नाहीत, हे कळतं मला. पण मला कुणीतरी वाद घालणारं हवं आहे, आणि तो मान या घरात गेलं वर्षभर तुमचा होता.

वर्षभरच. त्याआधीची सगळी वर्षं तुम्ही मला एकदाही 'नाही' म्हणाला नव्हतात.

मी जावई म्हणून तुमच्या घरात आलो तेव्हा दिल्लीच्या द्वारकेत मेट्रोचे खांब नुकते उभे राहत होते आणि तुमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. मी नगरचा सुहास साळवे, ख्रिस्ती, नोएडातल्या एका कंपनीत नोकरीला. तुम्ही जोशी, केंद्र सरकारच्या पाण्याच्या खात्यात आयुष्य घालवलेले, रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणणारे. आधी तुमचा या लग्नाला विरोध होता, एवढं मला ठाऊक होतं. मीनलनं त्याच्या खोलात मला कधी जाऊ दिलं नाही. "झालं ना आता, छोड़ यार," म्हणायची. त्यामुळे पहिल्या दिवाळीला मी तुमच्याकडे आलो तो परतायची वेळ आधीच ठरवून. आणि बघतो तर काय, माझ्यासाठी पाट, पाटाभोवती रांगोळी, चांदीचं ताट, आणि तुम्ही स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभे!

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. तुम्ही तो ग्रह मोठ्या निष्ठेनं पुजलात. अधिक महिना आला की आई अनारसे तळायच्या, तुम्ही धोतर नेसून वाण द्यायचात. ख्रिस्ती जावयाला धोंड्याचं वाण देणारं दिल्लीतलं ते बहुधा एकमेव घर असावं. मी नगरला आईला फोन करून विचारलं, हे घ्यायचं असतं का आपण? ती म्हणाली, "घे की. अनारशाला कुठं धर्म असतो?" नाताळला तुम्ही टाय लावून नोएडाला यायचात आणि मी जाळलेल्या केकला "खमंग झालाय" म्हणायचात. तिथंच मला शंका यायला हवी होती.

खरी गोष्ट सुरू झाली ती नजफगढच्या झिलीवर, द्वारकेपलीकडच्या त्या पसरट तळ्यावर.

तुमचं हंसांचं वेड मीनलनं मला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. नोकरीत यमुनेच्या पाण्याची पातळी मोजायला तुम्ही थंडीच्या सकाळी काठावर उभे राहायचात आणि समोरच्या वाळूवर हंस उतरलेले असायचे. ते पाहता पाहता मोजमापाची तुमची सवय त्यांनाही लागू झाली. निवृत्तीनंतर झील जवळ पडते म्हणून तुम्ही द्वारकेत फ्लॅट घेतलात, असा आईंचा कायमचा आरोप होता. तो तुम्ही कधी नाकारला नाहीत.

त्या पहिल्या जानेवारीत माझ्या जुन्या गाडीतून आपण तिघं गेलो. छावला गाव मागं पडलं, नाल्याच्या बांधावर आलो, धुकं उठायला चांगला उशीर झाला. पलीकडे गुडगावचे टॉवर हळूहळू दिसायला लागले आणि अलीकडे, पाण्याच्या कडेला, हंसांचा मोठा थवा. तुम्ही मीनलला दुर्बीण दिलीत.

"काय दिसतंय?"

"हंस."

"हंस मलाही दिसतोय. चोच सांग."

"गुलाबी."

"पाय?"

"तेही गुलाबी. कलहंस आहे, बाबा. ऑब्व्हियसली."

"ऑब्व्हियस काही नसतं. पोट पाहिलंस? उडताना पंख पाहिलेस? नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं, किती वेळा सांगितलं!"

मग दहा मिनिटं तुम्ही दोघं भांडलात. ती म्हणाली तुम्ही खडूस आहात, तुम्ही म्हणालात ती उथळ आहे. मला फार मजा वाटली. त्या आठवड्यात सासऱ्यांवर छाप पाडायची म्हणून मी एक पक्ष्यांचं पुस्तक रात्ररात्र वाचून काढलं होतं. थव्याच्या टोकाला एक हंस वेगळा दिसला. चोच नारिंगी, चोचीच्या मुळाशी पांढरी पट्टी. 

"नाना! पांढऱ्या कपाळाचा हंस!"

हा हंस आपल्याकडे क्वचित येतो, आला तर माणसं लांबून बघायला येतात, हे मी वाचलं होतं. तुम्ही दुर्बीण डोळ्यांना लावलीत. खूप वेळ लावून ठेवलीत. मग खाली घेतलीत आणि म्हणालात, "असेल, असेल. तुमची नजर तरुण आहे, जावईबापू."

मीनल म्हणाली, "पण बाबा, त्याचं पोट तर..."

"मीनल, थर्मास काढ."

तेवढ्यात तो हंस डुलत डुलत थेट आपल्याकडे चालत आला, माझ्या पायाशी थांबला आणि माझ्या हातातल्या मठरीकडे, त्या खुसखुशीत खाऱ्या पुरीकडे, बघायला लागला. मी तुकडा पुढं केला. त्यानं खाल्ला. मी भारावून म्हणालो, "किती निर्भय आहे बघा, नाना. तिकडं सैबेरियात यानं माणूसच पाहिला नसेल."

"शक्य आहे," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर वर्षभर मी तो हंस सगळ्या दिल्लीला ऐकवला. ऑफिसात, मेट्रोत, मराठी मंडळाच्या गणपतीत. गणपतीत तर तुम्ही शेजारीच बसला होतात. मी हात पसरून त्याच्या पंखांचा आकार दाखवत होतो आणि तुम्ही पानातल्या मोदकाकडे एकटक बघत होतात. लोकांनी तुम्हाला विचारलं, "खरंच का हो, नाना?" तुम्ही म्हणालात, "सुहासरावांनीच पाहिला," आणि मोदक फोडलात. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, हे आज लक्षात येतं.

पुढच्या थंडीत आमच्या कंपनीची पार्टी गुडगावच्या बाजूला एका फार्महाउसवर होती. तिथं हिरवळीवर पाच-सहा लठ्ठ हंस राखणीला सोडलेले. नारिंगी चोच, चोचीच्या मुळाशी पांढरं, पोट असं सुटलेलं की मागचा भाग जवळजवळ गवताला टेकत होता. त्यातला एक डुलत डुलत माझ्याकडे आला आणि माझ्या प्लेटमधल्या पनीरकडे बघायला लागला. मी तिथंच प्लेट खाली ठेवली. पुस्तक पुन्हा काढलं तर त्यात स्वच्छ लिहिलं होतं: खरा पांढऱ्या कपाळाचा हंस कलहंसापेक्षा लहान, सडपातळ, आणि त्याच्या पोटावर काळे आडवे पट्टे. पाळीव हंसाच्या चोचीपाशीही बरेचदा पांढरं असतं, त्याला फसू नये.

त्याच रविवारी मी द्वारकेला आलो. "नाना, खरं सांगा. तो पाळीव होता ना? शेजारच्या कुठल्या तरी फार्महाउसमधून चालत आलेला?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "ऊन डोळ्यांवर होतं तेव्हा. नक्की नाही सांगता यायचं."

"ऊन? धुकं होतं, नाना! आणि त्यानं माझ्या हातची मठरी खाल्ली!"

"पक्षी लांबून आलेला असला की भूक लागते," तुम्ही म्हणालात. आईंना हाक मारलीत, "अहो, सुहासरावांना लाडू द्या."

तेव्हापासून मी तुमच्या मागं लागलो. मला तुमच्याकडून एक 'नाही' हवं होतं, आणि ते कसं मिळवायचं ते मला कळेना. म्हणून मी ठरवून चुकायला लागलो. पाणकावळ्याला गरुड म्हटलं, तुम्ही म्हणालात, "बसण्याची ढब आहे तशी." साध्या बदकाला पट्टेवाला हंस म्हटलं, तुम्ही म्हणालात, "असं म्हणता येईल." एकदा तर मी बांधावर काट्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला बगळा म्हटलं. तुम्ही दुर्बिणीतून पाहिलंत. वाऱ्यानं पिशवी फडफडली. "लांबून तसाच वाटतो," तुम्ही म्हणालात, आणि मीनल गाडीत जाऊन काच वर करून हसत बसली.

घरी येताना ती म्हणाली, "तू बाबांना का छळतोयस? लोकांचे सासरे टोमणे मारतात, तुझे तुला डोक्यावर घेऊन नाचतात. प्रॉब्लेम काय आहे?"

"मला टोमणेच हवेत," मी म्हणालो.

ती चेष्टा नव्हती. तुम्ही तिच्याशी भांडायचात तेव्हा तुमचा आवाज चढायचा, कपाळावर शीर उठायची, तुम्ही तिला गाढव म्हणायचात. माझ्याशी बोलायला लागलात की आवाज एकदम खाली यायचा, बँकेत साहेबांशी बोलावं तसा. माणूस गोड परक्याशीच बोलतो, नाना. मला वाटायचं, या घरानं मला पाट दिला, ताट दिलं, पण पाट मांडलाय उंबऱ्याजवळ. विरोध कुठं गेलेला नाही, त्याला फक्त तुम्ही शिष्टाचाराचं सोवळं नेसवलंय. हे मी मीनललाही कधी बोललो नाही. तिच्या बापाबद्दल असं बोलायला जीभ वळली नाही, आणि खरं असेल तर ते ऐकायचीही माझी तयारी नव्हती.

तरी मी झिलीवर येत राहिलो, कारण मला हंस आवडायला लागले होते. तुम्ही मला काही शिकवलं नाहीत, पण मीनलला रागवत होतात ते मी मागं उभं राहून ऐकत होतो, आणि माझं सगळं शिक्षण त्या रागावण्यातूनच झालं. पट्टेवाल्याचं डोकं पांढरं, मागं दोन काळे पट्टे, मानेच्या बाजूनं उतरणारी पांढरी रेघ. पुस्तकात त्याला पट्टकादंब म्हणतात, ते नाव तुम्हाला आवडत नसे. "पक्ष्याला हाक मारायचीय, त्याचं लग्न लावायचं नाही," असं तुम्ही म्हणायचात. दुपारी हंस पाण्याच्या कडेला डोकं पंखात खुपसून झोपतात आणि ऊन उतरलं की गव्हाच्या कोवळ्या रोपांवर चरायला निघतात. चरताना एक तरी मान वर ठेवून पहारा देतो. आईबाप आणि त्या वर्षीची पिल्लं सगळा हिवाळा एकत्र राहतात, गर्दीतही एकमेकांपासून फार लांब जात नाहीत. हे शेवटचं तुम्ही मीनलला सांगत होतात तेव्हा मी तुमच्या मागं उभा होतो, आणि तुम्ही मध्येच गप्प झालात. मला वाटलं ढास लागली.

मग तुमचे डोळे गेले. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही. तुम्ही कुरकुर केली नाहीत. दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता तुम्हीच बघा." झिलीवर जाणं थांबलं. तरी तुम्ही थंडीत संध्याकाळी कानटोपी घालून, शाल गुंडाळून सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसायचात. झिलीवरून शेतांकडे निघालेले थवे कधी कधी आपल्या सोसायटीवरून जायचे. मध्ये मध्ये विमानं. विमान गेलं की तुम्ही हात वर करून सगळ्यांना गप्प करायचात, आवाज विरेपर्यंत.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी तुमच्याबरोबर तिथं बसलो होतो. आई आत पोळ्या करत होत्या, मीनल टेबलावर पेपर तपासत होती. लांबून आवाज आला. उजेड नव्हताच फारसा. या वेळी मी मुद्दाम चुकत नव्हतो, नाना, मला अगदी खात्री होती.

"पट्टेवाले," मी म्हणालो. "निघाले गव्हावर."

"नाही."

मला वाटलं शाल नको म्हणताय. "काय नाही?"

"पट्टेवाले नाहीत. कलहंस आहेत. पट्टेवाला नाकातून बोलतो, दबक्या आवाजात. हे बघा कसे घसा फाडून ओरडतायत, पाळीव हंसासारखे. इतकी वर्षं झिलीवर काय कान बंद करून उभे होतात?"

आत लाटणं थांबलं. आई दारात आल्या, हाताला पीठ तसंच. "अहो! काय बोलताय हे? जावयांना?"

"चुकलेच आहेत ते! चुकलं तर चुकलं म्हणायचं नाही?"

मला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं आहे ते माझं मलाच कळेना. मीनल पेन हातात घेऊन धावत बाहेर आली. मी म्हणालो, "नाना, मग तो पांढऱ्या कपाळाचा हंस?"

आणि बांध फुटला. "कसला पांढऱ्या कपाळाचा! पोट जमिनीला लागत होतं त्याचं! सैबेरियातून काय मठरी खायला आला होता? आणि गणपतीत सगळ्यांसमोर हात पसरून पसरून सांगत होतात! मोदक उतरेना माझ्या घशाखाली! आणि ती पिशवी! पिशवी होती ती, सुहासराव! मला शब्ददेखील वाचता येत होते तिच्यावरचे!"

मीनल जमिनीवर बसून हसत होती. आईंनी पिठाच्या हातानंच तोंड झाकलं. तुम्ही धापा टाकत होतात आणि चेहरा असा खुलला होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

दोघी आत गेल्यावर मी विचारलं, "मग इतकी वर्षं का नाही बोललात?"

 एक विमान गेलं. ते जाऊ दिलंत.

"एकदा म्हटलं होतं 'नाही'," तुम्ही म्हणालात. "मीनलनं तुमचं नाव सांगितलं तेव्हा. मी म्हटलं, नाही, या घरात हे होणार नाही. तिनं बॅग भरली आणि हॉस्टेलवर राहायला गेली. तो अख्खा हिवाळा गेला, सुहासराव. घरात दोनच ताटं. झिलीवर एकटाच जायचो. चोच कसली विचारायला शेजारी कुणी नाही. मग ती परत आली, तुम्हाला घेऊन. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला आता कशालाच 'नाही' म्हणायचं नाही. म्हटलं, पुन्हा गेली तर?"

मी इतकी वर्षं ज्याला सोवळं समजत होतो, ती भीती होती.  मी विचारलं, "मग आज कसं म्हणालात?"

तुम्ही आठवून पाहिलंत. मग हसलात.

"आज विसरलो," म्हणालात.

त्यावर मी तुम्हाला काही बोललो नाही, ते राहूनच गेलं. आता सांगतो. तुम्ही दहा वेळा, शंभर वेळा 'नाही' म्हणाला असतात तरी आम्ही कुठं जाणार होतो, नाना? मीनल दर भांडणानंतर नोएडाला पोचायच्या आधीच तुम्हाला फोन करायची, आणि पुढचं भांडण फोनवर व्हायचं. पण ज्याचं पाखरू एकदा उडून गेलंय त्याला हे कोण पटवणार! आणि मी, जो एका 'नाही'साठी प्लास्टिकच्या पिशवीला बगळा म्हणत होतो, मला तुमच्या भीतीचं आधी कुणी सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

त्यानंतरचं वर्ष फार सुखाचं गेलं. तुम्ही माझ्यावर इतक्या वर्षांची थकबाकी वसूल केलीत. माझं गाडी लावणं वाकडं, माझा चहा पाणचट, माझ्या मराठीत हिंदी फार, केक तर तुम्हाला कधीच आवडला नव्हता. आई आधी घाबरायच्या, मग त्याही ओट्यापाशी उभ्या राहून माझी बाजू घ्यायला लागल्या, आणि मीनल रुसली. "आता माझ्याशी कुणी भांडतच नाही!" मी शनिवारी द्वारकेला आलो की लिफ्टमध्येच मुद्दे जुळवत यायचो.

आपला मोठा वाद हिमालयाचा. पट्टेवाला तिबेटातून येतो तो सगळ्यात उंच शिखरांच्या डोक्यावरून येतो, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, तो शक्यतो खिंडीखिंडीतून येतो, दरी आली की खाली उतरतो, चढ आला की चढतो. गिर्यारोहकांनी शिखरावर थवे पाहिले असतील, पण रोजची वाट ती नव्हे. "उंच उडायची ताकद असणारा खिंडीतून कशाला जाईल?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचो, "ताकद आहे म्हणून कुणी उगाच दमत नाही." तुम्ही म्हणायचात, "तुम्ही लिफ्ट वापरणारी माणसं." हा वाद मिटला नाही. तो मिटवायची मला घाईही नव्हती, आणि आता एकट्यानं मला माझीच बाजू तितकीशी पटेनाशी झाली आहे. मिटेल तेव्हा मिटेल.

हॉस्पिटलचे दिवस मी इथं सांगत बसत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. फक्त ती एक दुपार सांगतो, कारण ती तुमच्या माझ्यातली आहे आणि घरात मी अजून कुणाला बोललेलो नाही.

खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. मीनल तुमचे पाय चेपत होती. "बाबा, फेब्रुवारीत आपण झिलीवर जायचं, पक्का. व्हीलचेअर बांधावर चढवू."

"हो, जाऊ की," तुम्ही म्हणालात.

आई म्हणाल्या, "घरी आल्यावर मऊ भात करते, मेतकूट घालून."

"करा. वर तूप घाला भरपूर."

मग त्या दोघी खाली चहाला गेल्या. मी तुमच्याजवळ खुर्ची ओढली. मलाही तेच बोलायचं होतं, दुसरं काही येत नव्हतं. म्हणालो, "नाना, महिन्याभरात उभे राहाल, बघा. मी गाडी थेट पाण्यापर्यंत नेतो."

तुम्ही तोंड माझ्याकडे वळवलंत. दिसत नव्हतं तुम्हाला, तरी नीट माझ्याकडेच बघत होतात.

"नाही," म्हणालात. "इथं चुकलात, सुहासराव."

माझ्याकडे मुद्दे होते. सकाळचा रिपोर्ट बरा होता, डॉक्टर चांगलं बोलले होते, तुमचा हात गरम होता. मी वाद घातला नाही. हात धरून बसलो. तुम्हीही तो सोडवला नाहीत, आणि आपण दोघं तसेच त्या उन्हात बसून राहिलो.

दोघी वर आल्या. मीनलनं विचारलं, "काय गप्पा चालल्यात?" मी म्हणालो, "झिलीवर कधी जायचं ते ठरवतोय." तुम्ही लगेच मान डोलावलीत आणि तिला म्हणालात, "स्वेटर काढून ठेव माझा." ती खूश झाली. आईंनीही चेहरा पुसला.

त्या दोघींना तुम्ही शेवटपर्यंत 'हो' म्हणत राहिलात, नाना. 'नाही' फक्त मला म्हणालात.